बदलून बघू!

आज थोडी हात काळे केल्याची गोष्ट. कोडमध्ये नाही, खऱ्याखुऱ्या ग्रीसमध्ये. ज्यांना मोटरसायकलशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. पैसे कशाचे द्यावेत आणि कशाचे देऊ नयेत हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.

दिवाळीला धारणीला गेलो होतो. धारणी म्हणजे अमरावती जिल्ह्याचं पार वरचं टोक. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट चढून सेमाडोह, मग हरिसाल आणि मग आमचं गाव. दीडशेच्या आसपास किलोमीटर, पण एसटीत बसलं की अख्खा दिवस गेल्यासारखा वाटतो. मेळघाटातलं तालुक्याचं ठिकाण. बाजारात एका दुकानात वऱ्हाडी ऐकू येते, दुसऱ्यात हिंदी, तिसऱ्यात कोरकू. पुण्यात कोणाला गाव सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "वाघ दिसतो का?" वाघ नाही हो दिसत, मोटरसायकली दिसतात. दुधाचे कॅन, सिमेंटची पोती, बकरी, बाळंतीण, सगळं मोटरसायकलवर. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी धूळघाटवरून जायची, तीही २०१७ च्या सुरुवातीला गेज बदलायचं म्हणून बंद झाली. एसटी चुकली तर मोटरसायकल, नाहीतर पाय. मधलं काही नाही.

घरी पोचलो तर अंगणात बाबांची गाडी ताडपत्रीखाली!

ही गाडी १९९७ सालची हिरो होंडा सीडी हंड्रेड एसएस. नव्या पिढीसाठी सांगतो, हिरो होंडाने १९८५ मध्ये सीडी हंड्रेड बाजारात आणली तेव्हा तिची जाहिरात होती, ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. बाबांनी पहिल्या दोन गोष्टी केल्या, तिसरी कधी केली नाही. रोज सकाळी फडकं. बाबा जिल्हा परिषदेचे मास्तर. सुसर्दा, सादराबाडी, बैरागड, जिथे बदली झाली तिथे ही गाडी. रिटायर झाल्यावरही थांबले नाहीत. जुन्या विद्यार्थ्यांच्या पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीच्या दाखल्याची कागदपत्रं, कोणाचा वनहक्काचा दावा... आठवड्यातून तीन दिवस पिशवी हँडलला अडकवून गुरुजी निघायचे.

"बाबा, गाडी झाकून काहून ठेवली?" (घरी गेलं की दोन तासांत माझ्या ‘का’चं ‘काहून’ होतं.)

"आता नाही जमत रे. हातात जोर नाही राहिला. क्लच पुरा दाबल्या जात नाही."

बाबांचं वय सत्तर. मी गप्प बसलो. खरी गोष्ट रात्री आईने सांगितली. दोन महिन्यांपूर्वी बाजाराच्या दिवशी बाबा गर्दीत थांबले होते. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला. आणि क्लच दाबलेला असताना गाडी आपोआप पुढे सरकली. समोर भाजीवाली बसली होती. तिची टमाट्याची टोपली उलटली, टमाटे रस्ताभर. लागलं कोणाला नाही. ती बाई एवढंच म्हणाली, "गुरुजी, सांभाळून." तिचा मोठा पोरगा बाबांच्या हाताखाली शिकलेला. बाबांनी टमाटे वेचून दिले, पैसे दिले, गाडी ढकलत घरी आणली आणि ताडपत्री टाकली.

बरं, गाडी दुरुस्त केली नव्हती असंही नाही. त्याआधी दोनदा केली होती. एका मोठ्या गावात पहिल्यांदा क्लच प्लेटा बदलल्या. महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी दाखवली, तिथे प्लेटा परत बदलल्या, शिवाय स्प्रिंगा, शिवाय ऑईल. पुन्हा महिनाभर बरं, पुन्हा तेच. दोन्ही मिळून तेवीसशे रुपये. तिसऱ्यांदा गेल्यावर त्या दुसऱ्या मिस्त्रीने चक्कर मारून पाहिली आणि म्हणाला, गाडी ठीक आहे, गुरुजींचं वय झालं आता.

म्हणजे दोष सापडला. दोष बाबांमध्ये होता!

मंडळी, मी पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. ‘सिस्टिम ठीक आहे, युजरला वापरता येत नाही.’ खरं सांगायचं तर मी ते म्हटलेलंही आहे. पण युजर आपलाच बाप निघाला की ते वाक्य वेगळं लागतं.

पुढे जाण्याआधी क्लच म्हणजे काय ते दोन मिनिटांत. पोळ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. एकाआड एक दोन प्रकारच्या पोळ्या. एका प्रकारच्या इंजिनाबरोबर फिरतात, दुसऱ्या प्रकारच्या गिअरबॉक्सबरोबर. स्प्रिंगा ही चवड घट्ट दाबून धरतात, म्हणून सगळ्या एकत्र फिरतात आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. तुम्ही लिव्हर दाबलं की केबल ओढली जाते, केबल इंजिनावरची एक छोटी दांडी फिरवते, ती दांडी स्प्रिंगांचा दाब काढून घेते आणि पोळ्या सुट्या होतात. इंजिन आपलं फिरतंय, चाक आपलं थांबलंय. हे सगळं ऑईलमध्ये बुडालेलं असतं.

आता याला आजार दोन, आणि ते एकमेकांच्या बरोबर उलटे.

पहिला, क्लच घसरणं. चवड पुरेशी दाबली जात नाही. इंजिन बोंबलतं, गाडी चढावर मरगळते. प्लेटा झिजल्या, स्प्रिंगा ढिल्या झाल्या, केबलला अजिबात प्ले उरला नाही की हे होतं. चुकीचं ऑईल हेही कारण. कारचं निसरडं ऑईल मोटरसायकलमध्ये घालू नये म्हणून जपानी लोकांनी १९९८ मध्ये जासो नावाचं मानक काढलं. डब्यावर ‘एमए’ लिहिलेलं असतं ते अशा ओल्या क्लचसाठी.

दुसरा, क्लच न सुटणं. चवड पुरेशी सुटी होत नाही. लिव्हर दाबूनही गाडी पुढे ओढते, सिग्नलला उभं राहिल्यावर न्यूट्रल सापडता सापडत नाही, पहिला गिअर टाकला की ‘खट्’ करून गाडी उडी मारते. केबल सैल झाली, प्लेटा वाकड्या झाल्या, ज्या हाउसिंगच्या खाचांमध्ये प्लेटा सरकतात तिथे खड्डे पडून त्या अडकायला लागल्या, ऑईल फारच जाड आहे, नव्या प्लेटा ऑईलमध्ये न भिजवता कोरड्याच बसवल्या... ही याची कारणं.

नीट बघा. झिजलेल्या प्लेटांमुळे क्लच घसरतो. बाबांची गाडी घसरत नव्हती, ओढत होती. म्हणजे दोनदा जो इलाज केला तो बऱ्याच अंशी दुसऱ्याच आजाराचा होता. वाकड्या प्लेटांमुळे ओढू शकते हे खरं, पण मग वाकड्या आहेत का ते बघा ना! काचेवर प्लेट ठेवायची आणि खालून फीलर गेज सरकतो का पाहायचं. पाच मिनिटांचं काम. आमचे पिताश्री काहीच फेकत नाहीत, त्यामुळे दोन्ही वेळच्या जुन्या प्लेटा बिस्किटाच्या डब्यात होत्या. मी देवघरातल्या फोटोची काच काढली (आई झोपली होती) आणि एकेक स्टीलची प्लेट ठेवून पाहिली. सगळ्या सपाट. घर्षणाच्या प्लेटाही झिजलेल्या नव्हत्या. तेवीसशे रुपयांत चांगल्या प्लेटा काढून चांगल्या प्लेटा बसवल्या होत्या. दोनदा.

आता मला चेव आला. पुण्याचा इंजिनिअर, हातात फोन, नेटवर दोन तास वाचन. क्लच सुटत नाही म्हणजे केबल सैल, म्हणजे घट्ट करा, एवढं सरळ आहे! सकाळी उठून चेकनट सैल केला, ॲडजस्टर फिरवला, लिव्हरचा सगळा प्ले काढून टाकला. अंगणात पाहिलं, झकास. बाबांना मागे बसवलं आणि हरिसालच्या रस्त्याला लागलो. पहिल्याच मोठ्या चढावर इंजिन केकाटायला लागलं आणि गाडी मात्र म्हशीच्या चालीने. मी दुसरा आजार निर्माण केला होता. लिव्हरच्या टोकाला दहा ते वीस मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवायची असते. ती शून्य केली की केबल सतत थोडी ओढलेलीच राहते आणि क्लच घसरतो. हे मी वाचलं होतं. वाचूनही केलं.

मागून बाबा शांतपणे म्हणाले, "आता चढत नाही वाटते."

परत फिरलो आणि गाडी सरळ गावातल्या एका मिस्त्रीकडे नेली. टिनाचं शेड, दोन पोरं, समोर पाच-सहा गाड्या. माणूस चाळिशीचा असेल. एका गिऱ्हाइकाशी कोरकूत बोलत होता, दुसऱ्याशी हिंदीत, आमच्याशी वऱ्हाडीत. मी त्याला माझं संशोधन सांगायला सुरुवात केली. प्लेटा सपाट आहेत, प्ले इतका आहे, वगैरे. त्याने ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे पाठ करून बाबांना विचारलं,

"गुरुजी, हे कवा होते जी? थंड असतानी, का गरम झाल्यावर?"

"तसं काही नाही. कधीही होते."

"उभं असतानी का चालतानी?"

"उभं राहिल्यावर. नाहीतर अगदी हळू असताना."

"कुठी कुठी झालं आतापर्यंत?"

बाबा विचार करायला लागले. मास्तर माणूस, आठवून आठवून सांगितलं. बाजारात, गाडी लोकांमधून काढताना. स्टँडच्या चौकात वळताना. घराच्या फाटकात. तहसीलसमोर गाडी लावताना. मोठ्या रस्त्यावर? नाही, तिथे कधीच नाही.

"म्हंजे हँडल वळवलं का होते," मिस्त्री म्हणाला. "सरळ असलं का नाही होत."

मंडळी, मला अक्षरशः कानशिलात बसल्यासारखं झालं. मी बाबांना एकही प्रश्न विचारला नव्हता. प्लेटा मोजल्या, नेट वाचलं, ॲडजस्टर फिरवला, पण ज्याला त्रास होतोय त्याला ‘कधी होतो?’ एवढं विचारलं नाही. आणि आधीच्या दोघांनीही नाही. ज्याने चक्कर मारून ‘गाडी ठीक आहे’ म्हटलं, त्याने ती सरळ रस्त्यावर मारली असणार. आमच्याकडे याला म्हणतात ‘माझ्या मशीनवर चालतंय’.

त्याने गाडी मेन स्टँडवर चढवली, चालू केली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला. मागचं चाक हळूहळू फिरत होतं. (हे एकट्याने काही सिद्ध होत नाही बरं का. ऑईलच्या चिकटपणाने चाक हवेत थोडं फिरतंच. हात मात्र चाकाजवळ आणि चेनजवळ नेऊ नका.) मग त्याने मागचा ब्रेक दाबला. चाक थांबलं, इंजिनाच्या आवाजात फरक नाही. म्हणजे क्लच सुटलाय. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि पुन्हा तेच केलं. या वेळी ब्रेक दाबताच इंजिनाचा आवाज खाली बसला, बंद पडायला आलं. म्हणजे क्लच सुटलेला नाही, चाक अजून इंजिनाला धरून आहे.

इंजिन बंद केलं. हँडल तसंच वळवलेलं. त्याने हेडलाइटच्या मागे बोट ठेवलं आणि मला म्हणाला, "दादा, दाबा बरं लिव्हर."

दाबलं. आणि दिसलं. केबलचं काळं आउटर एका ठिकाणी फाटलं होतं, आतली तारेची गुंडाळी उघडी पडली होती आणि लिव्हर दाबलं की तिथे केबल धनुष्यासारखी फुगत होती. मी ओढलेली केबल इंजिनापर्यंत पोचतच नव्हती, वाटेत वाकण्यातच खर्च होत होती. हँडल सरळ असताना थोडी कमी, डावीकडे वळवलं की जास्त. मी पट्टी लावून इंजिनावरची दांडी किती हलते ते मोजलं. सरळ असताना आठ मिलिमीटर, वळवल्यावर जेमतेम पाच. नवी केबल टाकल्यावर दोन्हीकडे दहा.

केबल तिथे फाटली कशी? गेल्या वर्षी गाडी पडून हेडलाइटचा ब्रॅकेट बदलला होता. परत जोडताना कोणीतरी केबल चुकीच्या बाजूने घातली, ती वळताना ब्रॅकेटवर घासत राहिली. तारीख जुळवली तर बाबांचा ‘हातातला जोर’ त्यानंतर दीड-दोन महिन्यांतच कमी व्हायला लागला होता!

आणि प्लेटा बदलल्यावर दोन्ही वेळा महिनाभर बरं का वाटलं? क्लचचं झाकण परत बसवलं की केबल नव्याने ॲडजस्ट करावीच लागते. त्या ॲडजस्टमेंटने थोडे दिवस निभावलं. श्रेय मात्र प्लेटांना मिळालं. आमच्याकडे सर्व्हर रीस्टार्ट केला की दोन दिवस बरं चालतं ना, तसंच हे.

नवी केबल एकशे साठ रुपये. लिव्हरचा बोल्टही झिजला होता, तो वीस रुपये. मजुरी पन्नास. एकूण दोनशे तीस. तेवीसशेच्या बरोब्बर दहावा हिस्सा. (मी आकडा जुळवून आणलेला नाही, हिशोब बाबांच्या वहीत आहे.)

मी त्याला पाचशेची नोट दिली आणि म्हटलं राहू द्या. त्याने सुटे परत दिले. मी म्हटलं, अहो, केबल टाकायचे पन्नास ठीक आहेत, पण तुम्ही दोष शोधला, त्याचं काय?

तो हसला. "शोधायचे कोन देते जी? लोक सामानाचे पैसे देतात. म्या प्लेटा टाकल्या असत्या तर गुरुजींनं सातशे दिले असते, अन् खुशीनं दिले असते. अर्धा तास नुसतं पाहून ‘केबल आहे’ म्हटलं का लोक म्हंतात, एवढंच? मंग पन्नास कायचे?"

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. कारण तो बरोबर बोलतोय.

आपण सगळे ‘बदलून बघू’ला शिव्या देतो. मिस्त्री लोक लुटतात, टीव्हीवाला बोर्डच बदला म्हणतो, मोबाईलवाला डिस्प्लेच बदला म्हणतो. पण ही सवय त्यांना लावली कोणी? आपण. आपण वस्तूचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. नवा पार्ट हातात दिसतो, जुना पार्ट काळाकुट्ट समोर पडलेला असतो, म्हणजे ‘काम झालं’. डोकं लावलेलं दिसत नाही. मग ज्याचं पोट या धंद्यावर आहे तो डोकं कशाला लावेल? अर्ध्या तासात त्याच्या दोन गाड्यांचं ऑईल बदलून होतं. ‘बदलून बघू’ हा मिस्त्रीचा आळस नाही, आपण ठरवलेला दर आहे.

आणि दुसरी गंमत ऐका. मी बाबांना विचारलं की पहिल्या मिस्त्रीला तुम्ही नेमकं काय सांगितलंत? बाबा म्हणाले, "म्हटलं, क्लच प्लेटा गेल्या वाटते, पाहून घे." म्हणजे निदान घरूनच नेलं होतं! आपण डॉक्टरकडे जातानाही हेच करतो. ‘ॲसिडिटी आहे, गोळी द्या.’ समोरच्याने आपली ऑर्डर पुरी केली, मग त्याला नावं ठेवायची. लक्षण सांगायचं काम आपलं. ‘लिव्हर दाबूनही गाडी सरकते, वळताना जास्त’ एवढं बाबा तेव्हा म्हणाले असते तर कदाचित पहिल्याच दिवशी केबलकडे नजर गेली असती. कदाचित नसतीही. पण संधी तरी मिळाली असती.

कोणी म्हणेल, अरे पण स्वस्त पार्ट बदलून बघण्यात चूक काय? अर्धा तास शोधण्यापेक्षा एकशे साठची केबल टाकून बघितली असती तरी काम झालंच असतं! मान्य. बदलून बघणं हीसुद्धा एक चाचणी आहे, आम्हीही करतो. पण तिचे नियम आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी स्वस्त आणि बाहेरची, मग महाग आणि आतली. क्लचच्या बाबतीत म्हणाल तर लिव्हर आणि त्याचा बोल्ट, केबल आणि तिचा रस्ता, प्ले, ऑईल किती आणि कुठल्या ग्रेडचं, आणि हे सगळं होऊनही सुटत नसेल तरच झाकण उघडून प्लेटा आणि हाउसिंगच्या खाचा. आणि शेवटचा नियम, बदलल्यावर ज्या परिस्थितीत त्रास होत होता त्याच परिस्थितीत तपासायचं. दुसऱ्या मिस्त्रीने प्लेटा, स्प्रिंगा, ऑईल तिन्ही एकदम बदललं. बरं वाटलं असतं तरी कशाने वाटलं ते त्यालाही कळलं नसतं. शिवाय केबल टाकतानाही ती पुन्हा चुकीच्या बाजूनेच घातली असती तर? वर्षभराने परत टमाटे रस्त्यावर. केबल का फाटली हे कळलं म्हणून तिचा रस्ता बदलला.

हे पैशापुरतं असतं तर मी रविवार सकाळ घालवून एवढं लिहिलं नसतं. मला टोचतं ते वेगळं आहे. दोष सापडत नाही तेव्हा तो हवेत राहत नाही, कोणाच्या तरी अंगावर जाऊन बसतो. आणि जो सगळ्यात कमी भांडेल त्याच्याच अंगावर बसतो. कंपनीत तो नव्याने लागलेल्या पोरावर बसतो. आमच्या अंगणात तो सत्तर वर्षांच्या माणसाच्या हातावर बसला. आणि त्या माणसाने तो मान्य केला! दोन महिने बाबांनी हाताला तेल चोळलं, रबरी चेंडू दाबायचा व्यायाम केला. सादराबाडीच्या एका पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म तिच्या बापाने दोनदा एसटीने येऊन भरून घेतला, एका खेपेची मजुरी बुडवून. फाटलेल्या एका केबलमुळे.

तेव्हा मी आपलं एक ठरवलंय. यापुढे कुठल्याही मिस्त्रीकडे, इलेक्ट्रिशियनकडे, प्लंबरकडे गेलो की आधीच सांगायचं, ‘शोधायचे शंभर रुपये वेगळे. पार्ट लागो न लागो, ते तुमचे.’ पुण्यात गेल्या आठवड्यात गिझरवाल्यावर प्रयोग केला. तो आधी संशयाने बघत राहिला. मग पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढून बसला आणि विचारलं, "बंद कधी पडतो? सकाळीच की कधीपण?" शंभर रुपयांत मला एक प्रश्न मिळाला. स्वस्त आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांनी तर हे आधी स्वतःच्या घरात लागू करावं. ज्याने दोन दिवस लॉग वाचून एक ओळ बदलली त्याला आपण ‘एकच ओळ?’ म्हणतो, आणि ज्याने महिनाभर खपून अख्खं मॉड्यूल नव्याने लिहिलं (आणि दोष तसाच ठेवला) त्याला अवॉर्ड देतो. आपण त्या सातशे रुपये खुशीने देणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा वेगळे नाही.

धारणीच्या त्या मिस्त्रीने जास्तीचे पैसे घेतले नाहीत ते नाहीतच. शेवटी बाबांनी मार्ग काढला. त्याच्या मुलीला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवायचंय, तिला ते शिकवतायत. आठवड्यातून दोन संध्याकाळी. गुरुजी जातात कसे? गाडीवर.

परवा फोन आला होता. म्हणाले, बाजारातून आलो, त्याच बाईकडून टमाटे घेतले. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, तिच्यापासून चांगलं चार हात लांब उभा राहिलो. हँडल मुद्दाम डावीकडे वळवून.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? सरकली नाही. हात सुधारला वाटते माझा."

आणि हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

असो. रविवार संपत आला, उद्या सकाळी स्टँडअप आहे आणि शुक्रवारपासून एक बग ‘युजरला वापरता येत नाही’ असा शेरा मारून बंद करून ठेवलाय. शेरा माझाच आहे. उद्या तो परत उघडतो, आणि आधी त्या युजरला फोन लावतो.